न दाखवलेला निरोप

१

टॅम्झिन डकेटचे बाबा मंगळवारी गेले, आणि गुरुवारी पडद्यावरून तिच्याशी बोलले. शनिवारी तिचा फोन तिच्या हातात परत पडला, तेव्हा तिकडे टास्मानियात, स्टॅनली गावात, त्यांच्या कबरीवरची माती वाऱ्याने वाळूनही गेली होती.

हे तिला कळलं ते माझ्या खोलीत. ‘सोन्याचा झारा’ या कार्यक्रमातून बाहेर पडणारा प्रत्येक स्पर्धक आधी माझ्याकडे येतो. मी नायरी पोटाका, या कार्यक्रमाची मानसोपचारतज्ज्ञ. मेलबर्नच्या जुन्या लोकरीच्या गोदामात पुढे झगमगती स्वयंपाकघरं आहेत आणि मागे माझी बिनखिडकीची खोली. इथे चहा घ्यायचा, फोन परत घ्यायचा, आणि इतके महिने नसलेल्या जगात हळूच पाय टाकायचा.

फोन टेबलावर होता आणि त्यातून तिच्या भावाचा, क्लेटनचा आवाज येत होता.

“पुरलंसुद्धा?” टॅम्झिनने विचारलं.

“पुरलं. आईच्या शेजारी.”

“मला न कळवता?”

“न कळवता कशाला? ज्या दिवशी गेले त्याच सकाळी फोन केला. तुमच्या त्या अडीअडचणीच्या नंबरावर. बाईने उचलला. शब्दसुद्धा सांगितला. ती म्हणाली, निरोप मिळाला, आभारी आहे. आणि तू आलीच नाहीस, टॅमी. मी फेरीबोटीच्या धक्क्यावर गाडी घेऊन उभा होतो. म्हटलं, हिला तो सोन्याचा चमचा बापापेक्षा मोठा झाला.”

“झारा,” ती म्हणाली. “चमचा नाही, झारा.”

तिने फोन जवळ ओढला.

“शेवटी माझं नाव घेतलं का त्यांनी?”

“नाही,” तो म्हणाला. “टीव्ही लावून बसायचे. पण नाव नाही घेतलं.”

तिने फोन बंद केला, दोन्ही हातांनी कप धरला आणि म्हणाली, “चहा गार झालाय.”

कपातून वाफ येत होती.

पुष्कळ रडणारी माणसं पाहिलीत मी. रडणं म्हणजे पाणी, ते आपली वाट आपण काढतं. ही मात्र गोठलेली होती. तिच्या केसांत अजून सोनेरी कागदाचे कपटे अडकले होते, विजेत्यावर उधळतात ते.

“नायरी, गुरुवारी ते माझ्याशी बोलले. तू पण पाहिलंस. म्हणाले, शेवटच्या दोघांत आलीस, पोरी. मंगळवारी गेलेला माणूस गुरुवारी कसा बोलेल?”

“ते आधी चित्रित केलेलं असतं, टॅम्झिन.”

“असेल. माझा निरोप कुणी दाबला, तेवढं मला सांग. नाव हवंय फक्त. नाव कळलं की मी जाईन.”

२

स्पर्धकांच्या घराची राखण शेरिलकडे. फोन कुलपात ठेवायचे, वर्तमानपत्र आत येऊ द्यायचं नाही, टीव्ही नाही, बाहेरच्या जगाची वार्ता नाही. पण घरी कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर स्पर्धकाला तत्क्षणी सांगायचं, चित्रीकरण खड्ड्यात गेलं तरी. हा नियम माझाच, आणि शेरिलने तो कधी मोडल्याचं मला आठवत नव्हतं.

ती त्या घराच्या ओट्याशी उभी राहून कप पुसत होती. मी सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

“टॅम्झिनचे वडील? म्हातारबाबा? अगं बाई. किती गोड आवाज होता गं त्यांचा.”

“तू कधी ऐकलास?”

“मध्ये एकदा फोन आला होता त्यांचा. कामाचं दोन मिनिटांत झालं, आणि मग बसले की माझ्याशी शिंपल्यांच्या पाईवर बोलत. पिवळी करी पावडर किती घालावी यावरून भांडलो आम्ही. म्हणाले, बाई, तुझा नवरा सुखी आहे की सुटलाय?” ती हसली, आणि आपण हसलो हेच तिला आवडलं नाही. “मला कुणी सांगितलं नाही गं. कुटुंबाचा एकही खरा फोन आला नाही. तुझी शप्पथ.”

“क्लेटन म्हणतो, त्याने शब्दसुद्धा सांगितला.”

शब्दाचं असं आहे. आमचा कार्यक्रम गाजल्यापासून चटपटीत बातम्यांची पत्रं या नंबरावर खोटे फोन करतात. मागच्या पर्वात कुणीतरी एका पोराची आजी फोनवरच मारली. शेरिलने त्याला झोपेतून उठवून सांगितलं. तो कोसळला, घरी गेला, तर आजी अंगणात गुलाब छाटत होती. तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाचा एक खुणेचा शब्द ठरवला. शब्द जुळला तरच फोन खरा.

“शब्द जुळला असता तर मी चित्रीकरणात घुसून तिला ओढून आणली असती,” शेरिल म्हणाली. “कॅमेऱ्यांच्या वायरी तुडवत.”

माझा विश्वास बसला. क्लेटनवरही बसला होता. आणि दोघंही खरं बोलत असतील, असं कसं घडेल ते मला सुचेना.

मी फाटकापर्यंत आले तेव्हा मागून हाक आली.

“नायरीताई, थांब जरा.” ओक्ताय होता. टॅम्झिनबरोबर अंतिम फेरी लढलेला ब्रॉडमेडोजचा बेकरीवाला. “शेरिल म्हणाली ना, फोन आला नाही? आला होता. मी जिन्यात होतो.”

३

ओक्तायच्या केसांतही सोनेरी कपटे होते.

कारण आमच्याकडे शेवट दोनदा चित्रित होतो. एकदा टॅम्झिन जिंकते, कपटे उडतात, ओक्ताय टाळ्या वाजवतो. मग झाडलोट होते, आणि ओक्ताय जिंकतो, टॅम्झिन त्याला मिठी मारते. खरा निकाल पाकिटात. प्रक्षेपणाच्या दिवसापर्यंत तो त्या दोघांनाही ठाऊक नसतो, म्हणजे कुणी फोडायला नको. दोन्ही वेळा दोघंही खरं रडतात. शरीर तरी काय करेल? त्याला सांगितलेलं ते खरं धरतं.

“तुझे कपडे घेऊन घरी जायचं सोडून इथे काय करतोयस?” मी विचारलं.

“टॅमीला भेटल्याशिवाय जाववेना.” तो फाटकाच्या खांबाला टेकला. “मंगळवारी सकाळी शेरिलने फोन ठेवला, आणि स्वतःशीच म्हणाली, ‘आणखी एकाचा बाप मारला मेल्यांनी. लाज नाही.’ मग कुठेतरी फोन लावला, कुणी उचलला नाही. मग रोलँडला लावला. मी खाली धावलो. म्हटलं, माझा बाप? ती म्हणाली, तुझा नाही, खोटा फोन होता, जा, पीठ मळ.”

“आणि?”

“आणि घरात दोघंच उरलो होतो. माझा नाही, तर कुणाचा ते काय मला कळत नव्हतं? पण खोटा आहे म्हणाली. खोटी बातमी मी तिला कशाला सांगू?” त्याने केसांतला कपटा ओढून काढला, बघितला, खिशात टाकला. “गुरुवारी तिचे बाबा पडद्यावर आले तेव्हा मी केवढा सुटलो, सांगू? म्हटलं, हे बघा, जिवंत आहे म्हातारा. सगळ्यात मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या.”

म्हणजे फोन आला होता. शेरिलने ऐकला होता. आणि तो रोलँडपर्यंत गेला होता.

४

रोलँड पिकेट हा कार्यक्रमाचा निर्माता. चित्र जुळवायच्या खोलीत तो जेवतो, तिथेच झोपतो. मी टॅम्झिनला बरोबर घेऊन गेले. ती एकटी बसायला तयार नव्हती, आणि बरोबर असूनही एकटीच होती.

“शब्द चुकीचा होता,” रोलँड म्हणाला. “शेरिलने विचारलं, मी म्हटलं, सोड. नियम तुझाच ना, नायरी?”

“नियमात असंही आहे, की शंका आली तर घरी चौकशी करायची.”

“केली की! कागदावर म्हाताऱ्याचा नंबर होता. शेरिलने तो फिरवला, उचलला नाही.”

“मेलेला माणूस फोन उचलत नाही, रोलँड. स्टॅनलीच्या पोलीस चौकीत एक फोन करायचा होतास. मुठीएवढं गाव आहे ते.”

तो टॅम्झिनकडे न बघता म्हणाला, “दोन दिवसांवर अंतिम फेरी होती गं. उरले होते दोघं. एक गेली असती तर मी काय दाखवणार होतो?” मग आवाज उतरवून मला म्हणाला, “शेरिलला आज संध्याकाळी काढतोय. वरच्यांना एक नाव लागतं.”

एक नाव. तेच तर टॅम्झिनही मागत होती. सरळ द्यायचं तर शेरिलचं देता आलं असतं, किंवा रोलँडचं, आणि दोन्ही अर्धी खरी ठरली असती.

“मला बाबांना पुन्हा बघायचंय,” टॅम्झिन म्हणाली.

रोलँडने निरोप लावला. पडद्यावर लेन डकेट आले. जन्माचा मच्छीमार, वाळलेल्या दोरासारखा माणूस, अंगात निळा स्वेटर, मागे खिडकी. हात गुडघ्यांवर, शाळेत फोटो काढायला बसल्यासारखे. “टॅमी, शेवटच्या दोघांत आलीस, पोरी. आम्हाला अभिमान वाटतो. जिंकूनच ये.” तोंडपाठ केलेलं. म्हणताना नजर कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथे कुणीतरी वाक्य धरून उभं होतं.

टॅम्झिनचा चेहरा हलला नाही.

माझ्या धंद्यात एक युक्ती शिकले आहे, ती घरीही उपयोगी पडते. नवरा-बायकोचं भांडण असो, लग्नाची चित्रफीत असो, आवाज बंद करून बघावं. बोलणं माणसाला शिकवता येतं. खोलीतल्या बाकीच्या वस्तूंना कुणी शिकवत नाही.

“आवाज बंद करून लाव,” मी म्हटलं.

लेन मुके झाले. निळा स्वेटर, हात, खिडकी. खिडकीबाहेर अंगण, अंगणात समुद्रात शेवंडी पकडायचे पिंजरे एकावर एक रचलेले, वर गुंडाळलेले दोर, रंगीत तरंगे.

टॅम्झिन खुर्चीतून उठली आणि पडद्याजवळ गेली.

“हे कधी चित्रित केलं?”

“डिसेंबरात,” रोलँड म्हणाला. “नाताळच्या आधी.”

“डिसेंबरात पिंजरे अंगणात काय करतायत?” तिने बोट ठेवलं. “आणि दोर सुके आहेत.”

५

मी सगळ्यांना माझ्या खोलीत बोलावलं. शेरिल रडून आली होती, रोलँड घड्याळ बघत होता, ओक्ताय दाराशी. टेबलावर फोन ठेवला, त्यात क्लेटन.

“क्लेटन,” मी विचारलं, “शब्द कोणता सांगितलास?”

“मॉरीन. आईचं नाव. बाबांनीच ठरवला होता, टॅमी निघाली तेव्हा.”

शेरिलने तोंडावर हात दाबला. “हो, त्याने तेच सांगितलं! पण राणी, शब्द मॉरीन नव्हता गं! म्हातारबाबांनी बदलला होता. त्यासाठीच तर फोन केला होता मला. म्हणाले, पहिला शब्द गावभर झालाय, पबमध्ये कुणीही सांगेल. मी बदलला. आणि मग मंगळवारी चुकीचा शब्द ऐकून मी नेहमीसारखं गोड बोलले, निरोप मिळाला, आभारी आहे. तसंच बोलायचं असतं. शब्द चुकला असं सांगितलं तर ते खोटे फोनवाले दुसरा घेऊन येतात.”

“म्हणजे मला वाटलं पोचला,” क्लेटन सावकाश म्हणाला.

“आणि मला वाटलं खोटा.”

“मला नवा शब्द सांगितलाच नाही त्यांनी.”

“नाही सांगितला,” मी म्हटलं. “शेरिल, तो फोन कधी आला होता?”

“चित्रीकरणवाले त्यांच्या घरी जाऊन आले, त्याच आठवड्यात.”

टॅम्झिन भिंतीकडे बघत बोलू लागली. बातम्या वाचून दाखवाव्यात तसा आवाज होता. “शेवंडीचा हंगाम चालू असताना पिंजरा पाण्यात असतो. फाटला, तर धक्क्यावर शिवतात आणि त्याच दिवशी परत टाकतात. बाबा म्हणायचे, सुका दोर म्हणजे मेलेला दोर. सगळे पिंजरे घरी आणून, दोर गुंडाळून रचतात ते हंगाम संपल्यावर.” ती थांबली. “किंवा परत जायचंच नसेल तर. क्लेटन, त्यांना कधी कळलं?”

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज आला. तो बाहेर उभा असावा.

“नोव्हेंबरात. बर्नी गावच्या डॉक्टरने सांगितलं. मला म्हणाले, पोरीला कळवायचं ते मी कळवीन, तू मध्ये पडू नको. मला काय माहीत, की…”

“टॅम्झिन,” मी म्हटलं, “तुला नाव हवं होतं. शेरिलने नियम पाळला. रोलँडने नियमाच्या आड दडून स्वतःचं काम साधलं, ते त्याचं त्याला फेडावं लागेल. पण दाराला कुलूप त्या दोघांनी घातलं नाही. तुझ्या बाबांनी घातलं. त्यांना आपलं मरण ठाऊक होतं. क्लेटन न राहवून फोन करेल, हेही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शब्द बदलला आणि कुणालाही सांगितला नाही. किल्ली बरोबर घेऊन गेले.”

मग टॅम्झिनने शेरिलला विचारलं, “नवा शब्द काय होता?”

“दिवा.”

ती मान हलवत राहिली. मग बिनसुरात, आठवेल तसं, म्हणाली:

“पश्चिमेचं वारं, दोर ओढावा बेतानं,
दिवा खिडकीत ठेवला, कुणी चिमुकल्या हातानं.

बाबा बोटीवर म्हणायचे. दिवा मी ठेवायचे. ते धक्क्याला लागेपर्यंत झोपायची नाही.” तिने नखाने टेबलाची कड खरवडली. “म्हणजे बाबांनी दिवाच विझवला. मी येऊ नये म्हणून. त्यांना मी तिथे नको होते.”

“तसं नाही गं,” ओक्ताय म्हणाला.

“नावसुद्धा घेतलं नाही. ऐकलंस ना? टीव्ही बघत बसले. त्यांना झारा हवा होता.”

नाव दिलं होतं मी तिला. पण नावाने काहीच झालं नाही. ती होती तिथेच, गोठलेल्या पाण्याखाली.

मी ओक्तायकडे बघत होते. त्याच्या केसांत कपटे, तिच्याही केसांत कपटे. दोन शेवट. इथे एकाच गोष्टीवर भरवसा ठेवून कधी कुणी कॅमेरा बंद करत नाही.

“रोलँड,” मी म्हटलं, “तू घरोघरी जातोस तेव्हा एकच निरोप घेतोस?”

त्याने घड्याळ बाहीखाली सरकवलं.

“टॅम्झिन शेवटच्या दोघांत येईल, हे डिसेंबरात कुणाला ठाऊक होतं? ती आधीच बाहेर पडली असती तर काय दाखवणार होतास?”

“दोन घेतो,” तो शेवटी म्हणाला. “एक पोचली तर. एक हरली तर.”

६

दुसरा निरोप कुणी उघडून पाहिलेलाच नव्हता. लागला नाही, म्हणून राहिला. रोलँडने आम्हाला चित्र जुळवायच्या खोलीत नेऊन तो शोधून लावला, आणि मग उठून तिला आपली खुर्ची दिली. एवढं त्याने केलं.

तोच निळा स्वेटर. तीच खिडकी, तेच पिंजरे. पण माणूस वेगळा. हात गुडघ्यांवर नव्हते, हवेत होते. लेन डकेट पुढे झुकले होते, आणि नजर सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे सरळ तिच्यात.

“हरलीस का गं, टॅमी? बरं झालं! ये आता. फेरीबोटीवर क्लेटनला पाठवतो. पाईचं सारण मी करून ठेवीन, पण वरचं पीठ तूच लाट, माझ्याच्यानं आता दाबवत नाही. आणि हे बघ, रडतबिडत येऊ नको. त्या परीक्षकांना शिंपलं म्हणजे काय ते कळत नाही. लवकर ये, एवढंच. मी खिडकीत दिवा लावून बसतो. आता माझी पाळी.”

ते हसले. मागे टेकले. चित्र संपायला हवं होतं, पण कॅमेरा चालूच होता. कापाकापी झालेली नव्हती ना.

कॅमेऱ्यामागून एक आवाज आला, तरुण, सभ्य. “छान, लेन. फक्त एक विनंती. ती हरलीय, असं धरायचंय आपल्याला. पुन्हा एकदा घेऊ, थोडं दुःखानं.”

लेन बुचकळ्यात पडले. त्यांनी प्रयत्न केला. तोंड लांब केलं, भुवया खाली ओढल्या. “हरलीस का गं, टॅमी,” म्हणाले, आणि पुन्हा हसू फुटलं.

“जमत नाही बाबा,” ते म्हणाले. “त्या पहिल्यात दुःखी हो म्हणाला असतास तर झालो असतो. पोरगी घरी येणार असेल, तर मी दुःखी कुठून होऊ?”

पडदा काळा झाला.

टॅम्झिन काळ्या पडद्याकडे बघत होती. मग तिने पुढे होऊन, दाराची कडी चाचपावी तसं, बटणावर बोट ठेवलं.

“नायरी,” ती म्हणाली, “हे पुन्हा कसं लावतात?”

मी दाखवलं. लेन पुन्हा आले, पुढे झुकले, आणि त्यांनी विचारलं, हरलीस का गं, टॅमी?

“हो, बाबा,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतल्या पाण्याला वाट मिळाली.